फू अंकलची बोली

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर मला घ्यायला कुणी येणार नाही, हे आधीच कळवलेलं होतं. टॅक्सी कर आणि पत्त्याचा कागद दाखव, एवढंच प्रयोगशाळेच्या ईमेलमध्ये होतं. त्यामुळे बाहेर पडल्यावर पुठ्ठ्यावर माझं नाव दिसलं, तेव्हा मला वाटलं, आज आणखी कुणी मृणाल उतरली असेल. पुठ्ठा धरून उभे असलेले गृहस्थ सत्तरीचे, बारकेसे, पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेले. मी घुटमळले तशी तेच पुढे आले.

"मी फू. तू ज्या खोलीत राहणार आहेस, तिचा मालक. घरमालक ही काही सांगण्यासारखी ओळख नव्हे, पण सध्या तरी तेवढीच आहे."

इंग्रजी असं की प्रत्येक शब्द धुऊन, घडी घालून समोर ठेवल्यासारखा. माझी एक बॅग त्यांनी ओढायला घेतली आणि MRTमध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत बसल्यावर विचारलं, "तुझ्या नावाचं पहिलं अक्षर नीट कसं म्हणायचं?" मी म्हटलं, "सगळे मिना म्हणतात, तुम्हीही म्हणा." त्यांनी मान हलवली. "नाव ही आखूड करायची वस्तू नाही." पुढचे तीन दिवस मला स्वयंपाकघरातून 'म्रि, म्रु, मृ' असं ऐकू येत होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी दारावर टकटक करून, "मृणाल, चहा झालाय," असं म्हटलं. माझ्या प्रयोगशाळेतल्या लोकांना ते तीन वर्षांत जमलं नाही.

ही २००४ सालची गोष्ट. मी पुण्याहून पीएच.डी. करून सिंगापूरला पोस्टडॉक म्हणून गेले होते. क्लेमेंटीतला तो फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. फू अंकल आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. बायको सहा वर्षांपूर्वी वारलेली. एकुलती एक मुलगी सू-लिन बँकेत होती आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला, बेडोकला राहायची. दर रविवारी ती जेवायला येई.

मी शाकाहारी आहे हे कळल्यावर अंकलनी शेगडीची उजवी बाजू माझी आणि डावी त्यांची अशी वाटणी केली होती. फडताळाच्या वरच्या कप्प्यावर चिठ्ठी लावली होती : 'हा कप्पा मृणालचा आहे, येथे मासा कोणत्याही रूपात येणार नाही.' त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या अशाच, पूर्णविराम-अर्धविरामांसकट. लिफ्टमध्ये सोसायटीची काही सूचना लागली की खिशातलं लाल पेन काढून ते तिचं व्याकरण दुरुस्त करत. एकदा 'लिफ्टमध्ये थुंकू नये' या सूचनेत त्यांनी तीन चुका काढल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी खाली लिहिलं होतं, 'थँक यू टीचर लाह.' त्यातला 'लाह' खोडून ते घरी आले.

सिंगापुरी इंग्रजीत वाक्याच्या शेवटी शेपटासारखा लागणारा हा 'लाह' त्यांना सोसत नसे. सू-लिन बोलता बोलता 'ओके लाह' म्हणाली की ते फक्त एक बोट वर करत. ती पस्तिशीची बाई, बँकेत तिच्या हाताखाली माणसं, पण बोट दिसलं की वाक्य पुन्हा म्हणायची.

माझ्या पहिल्या शोधनिबंधाचा मसुदा त्यांनी मागून घेतला. रसायनशास्त्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. परत दिला तेव्हा पानं लाल झालेली. म्हणाले, "तुमच्या भाषेत 'the' नसतो का?"

"नसतो."

"माझ्याही नव्हता." एवढं बोलून ते चष्मा पुसत बसले.

मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'माझी भाषा' असं काही ऐकलं. विचारल्यावर त्यांनी तुटक तुटक सांगितलं. त्यांचा जन्म मलेशियातला. वडील एका रबराच्या मळ्यावर इंग्रज साहेबाचे आचारी. घरात बोलायचे ती हाइनानीज, म्हणजे चीनच्या दक्षिणेकडच्या हाइनान बेटावरची बोली. बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांना दुसऱ्या भाषेतला शब्द येत नव्हता. साहेबाची बायको तिच्या मुलीला मागच्या ओट्यावर इंग्रजी वाचायला शिकवी, तेव्हा हे स्वयंपाकघरात भाजी निवडत ऐकत. तिथून शाळा, शाळेतून सिंगापूरचं शिक्षक प्रशिक्षण.

"मग सू-लिनला ती बोली येते?"

"कशाला? तिची आई कँटनीज बोलणारी. आम्ही दोघं इंग्रजीत बोलायचो. शाळेत ती मँडरिन शिकली. हाइनानीज ही चुलीपाशी बोलायची भाषा." मग म्हणाले, "आणि आता मीही विसरलोय."

मी आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी मला बसने तुआसला नेलं होतं. नवा भाडेकरू आला की ही सहल ठरलेली. तुआसला कारखाने, गोदामं आणि जहाजांच्या क्रेन. बघायला तिथे कुणी जात नाही. शेवटच्या थांब्यावर उतरून आम्ही कामगारांच्या कँटीनमध्ये चहा प्यायलो. तिथल्या तमिळ चहावाल्याला त्यांनी माझी ओळख करून दिली, "ही डॉक्टर मृणाल, भारतातून आली आहे, हिला आपला देश दाखवतोय." तो चहावाला स्वतः तंजावरचा होता. तो हसत सुटला आणि त्याने आमच्यापुढे वडे ठेवले. परतताना अंकल म्हणाले, "बघितलंस? या टोकाला समुद्र, त्या टोकाला समुद्र. इथे कुणी हरवत नाही. चुकीच्या बसमध्ये बसलीस तरी फार तर दोन तासांत घरी येशील."

परदेशात पहिल्याच आठवड्यात कुणी असं सांगणारं भेटणं म्हणजे काय, हे घर सोडून गेलेल्या माणसालाच कळेल.

मला तिथे दोन वर्षं होत आली असताना ते घडलं. सकाळी मी आवरून बाहेर आले तर अंकल खुर्चीत बसलेले, समोर चहा सांडलेला, आणि ते त्या चहाकडे नुसते बघत होते. तोंडाची उजवी बाजू ओघळली होती. मी हाका मारल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, पण आवाज आला नाही. मी अँब्युलन्स बोलावली, सू-लिनला फोन केला आणि ती येईपर्यंत त्यांचा हात धरून बसले. तेवढंच करण्यासारखं होतं.

ते वाचले. काठी घेऊन चालूही लागले. दहा-बारा दिवसांनी आवाज फुटला, पण ते काय बोलतात ते कुणालाच कळेना. वॉर्डातल्या नर्स मँडरिन जाणणाऱ्या, मलय जाणणाऱ्या, तमिळ जाणणाऱ्या. सगळ्यांनी ऐकून पाहिलं. सू-लिन म्हणाली, "डॅडी, इंग्लिश. प्लीज, इंग्लिश." ते तिच्याकडे बघत आणि पुन्हा तेच बोलत. मेंदूला धक्का बसलाय, अर्थ नसलेले शब्द येत असतील, असं तिने मनाशी धरलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, कधी कधी मागून शिकलेल्या भाषा जातात आणि पहिली तेवढी उरते. पण यांची पहिली भाषा तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती, मग ती ओळखणार कशी?

सू-लिन क्लेमेंटीला राहायला आली. तिने लांब रजा घेतली. रोज सकाळी ती त्यांना आंघोळ घालायची आणि रोज सकाळी तोच प्रकार. अंकल तिचं मनगट घट्ट धरत आणि ओरडत. तीच तीन-चार अक्षरं, पुन्हा पुन्हा. ती बाहेर येई तेव्हा अर्धी भिजलेली, डोळे लाल.

"मुलीकडून आंघोळ घालून घ्यायची त्यांना लाज वाटते," ती म्हणाली. "ते मला शिव्या देत असतील, मृणाल. माझ्या वडिलांनी जन्मात कधी मला शिवी दिली नाही."

एका सकाळी मी न राहवून दाराबाहेरून माझ्या मोबाइलवर ते ओरडणं टेप केलं. चोरी केल्यासारखं वाटलं, पण मला त्यांची ती चुलीपाशी बोलायची भाषा आठवली होती. खाली बाजाराच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, हान नावाचे एक म्हातारे कॉफी विकायचे. सिंगापुरात पूर्वी हाइनानीज लोकांनीच कॉफीची दुकानं थाटली, असं अंकलच कधीतरी म्हणाले होते. मी फोन हानसमोर धरला. त्यांनी हातातलं कॉफीचं लांब कापडी गाळणं बाजूला ठेवलं, फोन कानाला लावला, डोळे मिटले.

"ही माझी भाषा लाह!" ते म्हणाले. "कोण आहे हा? आमच्या गावाकडचा माणूस आहे."

"काय म्हणतायत ते?"

"म्हणतोय, पाणी गार आहे. पाणी फार गार आहे."

मी वर येऊन सू-लिनला सांगितलं.  ती न्हाणीघरात गेली, गरम पाण्याचं बटण लावलं आणि नळाखाली हात धरून उभी राहिली. तिला स्वतःला लहानपणापासून गार पाण्याची सवय. सिंगापूरच्या उकाड्यात गरम पाण्याचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. पाणी वाहत होतं, वाफ यायला लागली होती, आणि ती तिथेच खाली बसली.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे ते मला एवढंच सांगत होते."

त्यानंतर हान दुपारी कॉफीची टपरी आवरून वर येऊ लागले. अंकलच्या समोर बसत, गप्पा मारत. अंकलचा चेहरा त्या अर्ध्या तासापुरता जिवंत होई. आम्ही दोघी भिंतीला टेकून बघत बसायचो. हानकडून मी तीसेक शब्द देवनागरीत उतरवून घेतले : भूक, पाणी, दुखतंय, झोप, पाय. सू-लिनला ते इंग्रजी लिपीत धरता येत नव्हते. देवनागरीत मला वाटलं, आपण अगदी हुबेहूब उतरवलंय. संध्याकाळी मी अंकलसमोर बसून वहीतून वाचलं. त्यांनी कान पुढे केला. कपाळाला आठ्या पडल्या. मी पुन्हा वाचलं. त्यांनी हताशपणे मान हलवली. शब्दाचे चढउतार चुकले की अर्थच बदलतो, असं हान म्हणाले. आणि ते चढउतार लिहायची सोय माझ्या लिपीत नव्हती.

मग हानना वयोमानाने अकरा मजल्यांची ये-जा जमेना. त्यांचे गुडघे धरले होते, लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे, शेवटचा जिना चढावाच लागे. ते कधी येत, कधी नाही. ते नसत त्या दिवशी अंकल दाराकडे बघत बसत.

अंकलची एक मोठी बहीण मलेशियात होती, बातू पाहातच्या पुढे एका लहान गावात. चौऱ्याऐंशी वर्षांची. अंकल तिला दर नववर्षाला कार्ड पाठवत आणि तेही इंग्रजीत. तिचा मुलगा बून ते तिला वाचून दाखवी. सू-लिन त्या घरी शेवटची गेली ती सातवीत असताना. तिने बूनला फोन केला. तो म्हणाला, "विचारता काय? या."

आम्ही तिघं भाड्याच्या गाडीने निघालो. सीमेवर पूल ओलांडताना मलेशियन अधिकाऱ्याने अंकलचा पासपोर्ट पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि चौकीतून बाहेर येऊन स्वतः गाडीच्या खिडकीशी शिक्का मारून दिला. "पाकचिक, घरी चाललात का?" त्याने मलयमध्ये विचारलं; पाकचिक म्हणजे काका. अंकलना ते कळलं नाही, पण ते हसले.

गावात गाडी थांबली तर निम्मी गल्ली रस्त्यावर आलेली. कोण कुणाचा कोण, काही कळत नव्हतं. कुणी अंकलचा हात धरला, कुणी काठी, कुणी माझी पिशवी. मी मासे खात नाही हे बूनने फोनवर ऐकलं होतं. एका शेजारणीने माझ्यापुरतं टोफू, उकडलेले शेंगदाणे आणि पालेभाजी वेगळ्या नव्याकोऱ्या कढईत करून आणली होती. ती उभी राहून मी पहिला घास घेते का, ते बघत होती. मी मान डोलावल्यावर तिने टाळी वाजवली. मी त्या लोकांची कुणीही नव्हते.

बहीण आतल्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसलेली. अंकल दारात उभे राहिले. ती काहीतरी म्हणाली. ते काहीतरी म्हणाले. आणि मग ते दोघं जे बोलायला लागले ते तीन तास थांबले नाहीत. अंकल हसत होते, मांडीवर डावा हात आपटत होते, तोंडात घास असताना बोलत होते. दोन वर्षांत मी ज्या माणसाला जेवताना कधी बोलताना पाहिलं नव्हतं, तोच हा.

सू-लिन कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. शेवटी ती बूनला म्हणाली, "त्यांना विचार, दुखतं का कुठे. विचार, काही हवंय का. मी काही चुकतेय का."

बूनने विचारलं. अंकलनी सू-लिनकडे पाहिलं, मायेने पाहिलं, आणि सावकाश बरंच काही बोलले. बूनचा चेहरा उतरला.

"काय म्हणाले?"

"काही नाही. दमलेत."

"बून, सांग."

बून जमिनीकडे बघत म्हणाला, "मामा म्हणतायत, ही बाई फार चांगली आहे. हिचा हात हलका आहे. रोज माझं सगळं करते. पण आता हिला घरी जाऊ दे. हिच्या घरी हिचा बाप वाट बघत असेल."

 सू-लिनने मान हलवली, जणू कुणी तिला बँकेतला निरोप दिला होता. मग ती उठून मागच्या अंगणात गेली. मी मागोमाग गेले. ती कपडे वाळत घालायच्या तारेला धरून उभी होती.

"माझ्याशी ते त्या भाषेत एक शब्दही कधी बोलले नव्हते, मृणाल. त्या भाषेत मी त्यांना सापडणार कुठे?"

 मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तोही अवघडूनच.

निघायची वेळ झाली तेव्हा बून म्हणाला, "त्यांना इथेच राहू दे. माझं टायरचं दुकान घराला लागून आहे, मी दिवसभर इथेच असतो. आईलाही सोबत होईल." सू-लिन म्हणाली, "त्यांचं औषध आहे, डॉक्टर आहेत, मी त्यांची मुलगी आहे." बून म्हणाला, "हो." त्या 'हो'मध्ये वाद नव्हता. अंकल बहिणीला केळं सोलून देत होते, एकाच हाताने, दातांची मदत घेऊन. सू-लिन ते बघत राहिली. मग ती गाडीकडे गेली, औषधांची पिशवी आणली आणि बूनच्या बायकोला एकेक गोळी समजावून सांगू लागली. सकाळची कुठली, रात्रीची कुठली. तिने ते तीनदा सांगितलं.

"एक आठवडा," ती म्हणाली. "फक्त एक आठवडा."

परतीच्या गाडीत आम्ही दोघीच होतो.

आठवड्याचा महिना झाला आणि महिन्याचं वर्ष. कागदपत्रांची खटपट, त्यांचा मुक्काम वाढवायला दर काही दिवसांनी सीमेपाशी शिक्के, सिंगापुरात डॉक्टरांच्या भेटी, हे सगळं तिने सांभाळलं. नोकरीवर परत रुजू झाली. दर शनिवारी पहाटेची बस पकडून ती गावाला जाई. अंकल तिचं पाहुण्यासारखं स्वागत करत, खुर्ची देत, चहा पुढे करत. ती दिवसभर त्यांच्याजवळ बसे आणि संध्याकाळच्या बसने परत येई. बूनकडून तिने ती बोली शिकायला घेतली होती. चाळिशीकडे झुकलेल्या जिभेला ती वळत नव्हती.

२००७मध्ये माझा करार संपला. पुण्याला परतायच्या आधीच्या शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. अंकलनी मला ओळखलं नाही. पण पाहुणी म्हणून मलाही खुर्ची दिली, रांबुतान फळांची रास पुढे ठेवली. मी तीन वर्षं त्यांच्या घरात राहिले होते, एवढंच मी बूनला त्यांना सांगायला लावलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि नम्रपणे म्हणाले की असेल, त्यांना बरं वाटलं.

दुपारी पाऊस आला. आम्ही बसकडे निघालो तर ते छत्री घेऊन मागे आले. काठी बूनकडे, छत्री डाव्या हातात, आणि ती छत्री पूर्णपणे सू-लिनच्या डोक्यावर. स्वतः भिजत होते. थांब्यावर उभे असताना ते बूनशी हळूच काही बोलले. बून म्हणाला, "विचारतायत, ही बाई पुढच्या शनिवारी येणार आहे का?"

सू-लिनने त्यांच्याच बोलीत उत्तर दिलं. एकच शब्द, 'येईन'. तो त्यांना कळला असावा, कारण त्यांनी मान डोलावली.

बस आली. आम्ही चढलो. मला वाटलं होतं, ते बस सुटेपर्यंत थांबतील. पण घराच्या बाजूने बहिणीची हाक आली आणि ते लगेच वळले. चिखल चुकवत, बूनच्या खांद्याचा आधार घेत, भराभर निघाले. एकदाही मागे पाहिलं नाही. सू-लिन काचेला हात टेकवून बसली होती. बस वळल्यावरही तिने तो काढला नाही.